आधी ग्लास पुसायला शिका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या पंधरवड्यात आपल्या करिअर पुरवणीत बारटेंडिंगवर एक चौकट आली होती. हवेत उडालेली बाटली, मागे निळे दिवे आणि खाली ठळक अक्षरांत ‘अनुभवाची गरज नाही’. चार दिवसांनी पंचवटीतल्या एका ज्येष्ठ वाचकांचं पत्र छापून आलं, की रामरायाच्या नाशकात पोरांना दारू वाटायचे धडे देता, काही वाटतं की नाही? दोन्ही मी वाचलं. २०१८ पासून मी नाशकातल्या हॉटेलांच्या बारवर काम करते आहे, त्यामुळे दोघांनाही थोडं थोडं उत्तर द्यावंसं वाटलं. चौकटीला जरा जास्त, कारण ती वाचून आमच्या नात्यातला एक पोरगा परवा फी भरायला निघाला होता.

त्या फीचंच आधी सांगते. मी तेव्हा २७ वर्षांची होते. बी.कॉम. झालेली, निफाड तालुक्यातल्या एका पतसंस्थेत चार वर्षं वह्या भरल्या, मग ती पतसंस्थाच बसली. घरी द्राक्षबाग, पण बागेत तीन भावंडांना पुरेल एवढं काम असतं, पैसा नसतो. एका खासगी क्लासची जाहिरात पाहिली आणि पंचेचाळीस हजार रुपये भरले. त्यातले वीस आईने दिले, कुठून आणले ते विचारू नका. क्लास तीन आठवड्यांचा. त्यातले दोन आठवडे आम्ही गादीवर उभं राहून प्लास्टिकच्या बाटल्या उडवल्या आणि झेलल्या. माझी करंगळी सुजली, पण बाटली कोपरावर उभी करता यायला लागली. शेवटच्या दिवशी फोटो, प्रमाणपत्र, लॅमिनेशनचे पन्नास रुपये वेगळे.

पहिली मुलाखत त्र्यंबक रोडकडच्या एका हॉटेलात. मॅनेजरने प्रमाणपत्राकडे पाहिलंही नाही. समोर वाइनची बाटली आणि ओपनर ठेवला, म्हणाले, “उघडा.” तीन आठवड्यांत आम्ही एकही खरी बाटली उघडली नव्हती. मी स्क्रू वाकडा घातला, कॉर्क मधोमध तुटला, उरलेला ढकलायला गेले तो बाटलीत पडला. वाइनवर भुसा तरंगत होता. मॅनेजर हसले नाहीत, ही त्यांची कृपा. म्हणाले, “बारवर जागा नाही. ग्लास धुवायला माणूस हवाय. नऊ हजार. या सोमवारपासून.”

मी हो म्हटलं. संपादक महोदय, तुमच्या चौकटीत हे वाक्य यायला हवं होतं, कारण अनुभव नसताना सुरुवात होते ती इथून. या कामाला बारबॅक म्हणतात. बर्फ भरायचा, ग्लास धुवायचे-पुसायचे, लिंबं कापायची, खोके वर आणायचे, रिकाम्या बाटल्या मोजून खाली न्यायच्या. पंचेचाळीस हजार न भरता मी आदल्या महिन्यातच तिथे गेले असते तरी मला हेच काम मिळालं असतं. तीच गोष्ट त्या नातेवाइकाच्या पोराला सांगितली, तर तो म्हणाला, “ताई, पण ग्लास धुवायचे?” हो, बाबा, ग्लास धुवायचे.

माझे खरे गुरू म्हणजे आमचे नाना. नाशिकरोडच्या परमिट रूममध्ये पोरगेपणी टेबलं पुसत सुरुवात केलेली, मग बार, मग हॉटेल. पन्नाशी ओलांडलेले, कपाळाला बुक्का, एकादशीला शिफ्ट बदलून घेणार. त्यांनी पहिले तीन महिने मला एकाही बाटलीला हात लावू दिला नाही. मला राग यायचा. आता कळतं, की ग्लास धुण्यातच अर्धा धंदा आहे. बिअरच्या ग्लासला तेलाचा किंवा साबणाचा नुसता अंश राहिला तरी फेस बसतो आणि गिऱ्हाईक म्हणतं, बिअर शिळी आहे. लिपस्टिक नुसत्या पाण्याने जात नाही. वाइनचा ग्लास वाफेवर धरून, ज्याचे धागे सुटणार नाहीत अशा फडक्याने पुसायचा, आणि पुसताना एका हाताने बूड धरून दुसऱ्या हाताने वरचा भाग पिळायचा नाही, कारण दांडी तुटून तळव्यात शिरते. माझ्या उजव्या तळव्यावर दोन टाक्यांची खूण आहे.

बर्फाचंही तसंच. ग्लासनेच बर्फ उपसायची घाई नवी मुलं हमखास करतात. ग्लासची कड फुटली तर काच बर्फात पडते आणि ती दिसत नाही, मग सगळी पेटी रिकामी करून, धुऊन, पुन्हा भरावी लागते, तीही शनिवारी रात्री दहा वाजता. म्हणून स्कूप वापरायचा. बर्फाच्या कारखान्यातली लादी बाटल्या गार करायला ठीक, ग्लासात घालायचा बर्फ पिण्याच्या पाण्याचाच हवा. खाण्याजोगा नसलेला बर्फ निळसर असावा असा आपल्याकडे नियम आहे, तो याचसाठी. नोकरी मागायला जाल त्या बारची बर्फाची पेटी एकदा डोळ्यांखालून घाला. ती घाण असेल तर आतलं बाकी काही बघायची गरज नाही.

मापाचं मात्र मला कोणी शिकवावं लागलं नाही, ते घरचं होतं. द्राक्षाचे घड जीएत, म्हणजे मण्यांच्या वाढीच्या औषधात, बुडवायला ते औषध कालवताना आमचे बाबा मापाचं नळकांडं डोळ्यांच्या रेषेत धरून थेंब थेंब बघतात. पीपीएम, म्हणजे औषधाचं प्रमाण, चुकलं की मण्यांचं वाटोळं. बाई-माणसाला कळत नाही म्हणून माप दुसऱ्याकडे द्यायचं, असं आमच्याकडे कधी झालं नाही, मी आठवीपासून ते माप धरते. बारवर ३० एमएलला स्मॉल म्हणतात, ६०ला लार्ज, आणि शिक्का मारलेलं पेग मेझर असतं. त्यात पाच एमएल कमी गेलं तर गिऱ्हाईकाची फसवणूक, पाच जास्त गेलं तर मालकाची. खंब्यात, म्हणजे ७५० एमएलच्या बाटलीत, ३०चे पंचवीस पेग बसतात. रात्री हिशेबात तेवीसच निघाले तर दोन कुठे गेले ते तुम्हालाच सांगावं लागतं. घरी सराव करायचा असेल तर जुन्या बाटलीत पाणी भरा, तोंडाला पोअरर (ओतायची नळी) लावा, स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ग्लास ठेवा आणि ओता. ३० एमएल पाणी म्हणजे ३० ग्रॅम. पन्नास वेळा ओता, हात आपोआप थांबायला लागतो. मी हे आईच्या काट्यावर केलं. (बाबांच्या नळकांड्यावर नाही, घाबरू नका.)

आता चौकटीतल्या त्या रंगीत कॉकटेलांविषयी. आमच्या बारवर दहातल्या सात-आठ ऑर्डरी बिअर आणि व्हिस्कीच्या असतात. “साठ, पाणी, बर्फ कमी, मसाला पापड लवकर,” एवढंच. वीस नवी नावं पाठ करून आलेला मुलगा पहिल्या आठवड्यात हिरमुसतो. शिकायचंच असेल तर एक घराणं नीट शिका. ६० एमएल पांढरी रम, ३० लिंबाचा रस, २० साखरेचा पाक, बर्फ घालून शेकरचा डबा गारठून हाताला झोंबेपर्यंत हलवायचं आणि गाळून द्यायचं, याला डाकिरी म्हणतात. रमच्या जागी व्हिस्की घातली की व्हिस्की सावर. टकीला घेतली आणि पाकाऐवजी संत्र्याचं लिक्युअर, म्हणजे गोड मद्य, घातलं की मार्गारीटा. नाना म्हणायचे, एका आमटीवर चार पाहुणे. रस असेल तर हलवायचं, नुसती मद्यंच असतील तर बर्फात चमच्याने ढवळायचं. पाक साखर आणि पाणी समसमान वजनाने. आणि लिंबू त्याच दिवशी पिळायचं. आपली कागदी लिंबं आंबट-तेज असतात, पण साल जोरात दाबली की कडवटपणा उतरतो, आणि रात्रभर ठेवलेला रस दुसऱ्या दिवशी मेलेला असतो. मी रोज दुपारी साठ-सत्तर लिंबं पिळते. नखांच्या कडा कायम झोंबतात, भाजी चिरताना आठवण होते.

चव घ्यायची ती स्ट्रॉ बुडवून, वरचं टोक बोटाने दाबून, दोन थेंब जिभेवर. ड्यूटीवर याहून जास्त नाही. मला सगळे विचारतात, तू पितेस का. सुट्टीच्या दिवशी कधी एक ग्लास वाइन, झालं. बारवर पिणारे बारमागे टिकत नाहीत, असे तीन जण मी जाताना पाहिलेत. त्यातला एक माझ्यापेक्षा खूप हुशार होता, एवढंच म्हणते.

नाशकात सुरुवात करणाऱ्याला एक सोय मात्र पुण्या-मुंबईच्या पोराला नाही. राज्याचं द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण २००१ सालचं. त्याच सुमारास गंगापूर धरणाकडे राजीव सामंत यांची सुला ही वायनरी, म्हणजे वाइनचा कारखाना, उभी राहिली, आणि नंतर दिंडोरी, इगतपुरीपर्यंत वायनऱ्या झाल्या. जानेवारी ते मार्च तोडणीचा हंगाम, तेव्हा पर्यटक येतात आणि टेस्टिंग रूममध्ये, म्हणजे वाइन चाखायला देतात तिथे, माणसं कमी पडतात. ओळख नसताना, अनुभव नसताना आत शिरायला ही सगळ्यात रुंद खिडकी. डिसेंबर लागायच्या आधी जाऊन विचारा. तिथे रात्रीचे दोन वाजत नाहीत, आईवडिलांना समजावणं सोपं जातं, आणि शेनिन ब्लाँ काय, सोव्हिन्यों ब्लाँ काय, शिराझ काय, या वाइन नुसता वास घेऊन ओळखू यायला लागतात. मी लॉकडाऊननंतर एक हंगाम तिथे काढला. बाटलीतून १५० एमएलचे पाच ग्लास निघतात, टेस्टिंगला त्याहून बरंच कमी ओततात, आणि ओततानाच लोकांशी बोलायचं असतं. बोलणं मी तिथे शिकले. पतसंस्थेत मान वर करायची सवय नव्हती.

स्पार्कलिंगची, म्हणजे फसफसणाऱ्या वाइनची, बाटली उघडायला शिकलात तर मात्र जपून. आत गाडीच्या टायरच्या दुपटीहून जास्त दाब असतो. तारेची जाळी सोडल्यावर अंगठा बुचावरून क्षणभरही काढायचा नाही, बाटली तिरकी धरायची, माणसांकडे तोंड नको, आणि बूच न फिरवता बाटली फिरवायची. फटाका वाजला तर तुम्ही चुकलात, नुसतं ‘हुस्स’ आलं पाहिजे. लग्नांत लोकांना फटाकाच हवा असतो, तिथे माझा इलाज नाही.

कायद्याचं दोन शब्दांत. आपल्याकडच्या कायद्याचं नावच दारूबंदी कायदा, साल १९४९. दारू विकायचे परवाने याच दारूबंदीच्या कायद्याखाली मिळतात. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनला वय २१ पूर्ण, व्हिस्की-रमला २५. पिणाऱ्याकडेही परवाना हवा असतो. वय विचारायची लाज वाटली तर हे काम करू नका. नोकरी धरताना मालकाला विचारा, नोकरनाम्यावर माझं नाव चढवणार का? नोकरनामा म्हणजे परवानाधारकाकडे काम करणाऱ्यांची राज्य उत्पादन शुल्ककडची नोंद. तपासणीला माणसं आली की नाव नसलेला पोरगा आधी मागच्या दाराने पळवला जातो. माझ्या दुसऱ्या नोकरीत मला असंच दोनदा किचनच्या मागे, गॅसच्या टाक्यांजवळ उभं केलं होतं. तिथेच फुटलेल्या ग्लासांचे पैसे पगारातून कापायचे, माझे फुटलेले नसले तरी. पगार किती, कपात कशाची, टिप्स कशा वाटतात, हे पहिल्याच दिवशी कागदावर घ्या. कागद देत नसतील तर फोनवर मेसेज तरी मागा.

आणि मुलींनो, तुम्हाला कोणी म्हणेल की बाईला बारमागे उभं राहता येत नाही. दिल्लीत तसा कायदाच होता, जुन्या पंजाब अबकारी कायद्यातलं एक कलम. दिल्ली उच्च न्यायालयाने ते रद्द ठरवलं आणि सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००७ मध्ये तो निकाल कायम केला, अनुज गर्ग विरुद्ध हॉटेल असोसिएशन ऑफ इंडिया या खटल्यात. संरक्षणाच्या नावाखाली बाईचं कामच काढून घेऊ नका, असा त्याचा आशय. त्याच्याही खूप आधी मुंबईत शतभी बसू बारमागे उभ्या होत्या, त्यांना देशातली पहिली महिला बारटेंडर म्हणतात. आपल्या राज्यात २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती हवी, आणि तिच्या सुरक्षिततेची, घरी सोडायची व्यवस्था मालकाने करायची. मी गाडीशिवाय रात्रीची शिफ्ट घेत नाही. पहिल्यांदा हे म्हटलं तेव्हा मॅनेजर म्हणाला, “एवढे नखरे?” आता त्याच हॉटेलात तिघी जणी आहेत आणि गाडी पाथर्डी फाट्यावरून सिडकोत जाते.

सगळ्यात अवघड काम कुठल्याच क्लासात नव्हतं, ते म्हणजे नाही म्हणणं. बारमागच्या माझ्या पहिल्या वर्षी डिसेंबरातला एक शनिवार. एक काका, पन्नाशीचे, कुठल्याशा बढतीच्या पार्टीला आलेले. चार लार्ज झालेले, काउंटरवर मोटारसायकलची किल्ली. पाचवा मागितला. मी सगळ्यांसमोर म्हणाले, “काका, बस झालं आता.” ग्लास माझ्या डोक्यावरून मागच्या आरशात. दोष त्यांचा होताच, पण रीत माझी चुकली. रात्री आरशाच्या काचा गोळा करताना नाना म्हणाले, “नाही म्हणायचंच नसतं. उशीर करायचा. आधी पाणी. मग म्हणायचं, पापड भाजतोय. मग म्हणायचं, काका, मुलगी काय करते हो तुमची? तोवर त्यांच्यातला सगळ्यात शुद्धीतला माणूस हेरायचा आणि त्याला बाजूला घेऊन सांगायचं, किल्ली तुमच्याकडे ठेवा.” चार माणसांत अपमान झाला की माणूस वाघ होतो, हे मला तेव्हा आरशाच्या किमतीत कळलं. तेव्हापासून कितीतरी किल्ल्या माझ्या ड्रॉवरमध्ये रात्रभर राहिल्यात. सकाळी न्यायला येतात तेव्हा कोणी डोळ्याला डोळा भिडवत नाही, एकदा एकाने मात्र पेढे आणले होते.

पंचवटीच्या काकांना एवढंच विचारते. आमच्या बाबांची दोन एकर बाग वाइनच्या द्राक्षाची आहे. गावात त्यांना बागायतदार म्हणतात, सोसायटीच्या निवडणुकीत लोक मत मागायला येतात. शहरात शिरताना ‘वाइन कॅपिटल’चे फलक तुम्हीही वाचता. द्राक्ष लावणारा बागायतदार, वाइन करणारा उद्योजक, ती विकून येणाऱ्या महसुलावर राज्याचं अंदाजपत्रक, आणि त्याच वाइनचा ग्लास पुसून पुढे ठेवणारी मी तेवढी वाया गेलेली, हे गणित मला सुटत नाही. दारूने घरं बुडतात हे मला तुमच्याहून जास्त ठाऊक आहे, मी ती रोज समोर बघते. माझा सख्खा मामा त्यात गेला. म्हणून तर बारमागे शुद्धीतलं, वय विचारणारं, माप धरणारं, किल्ली काढून घेणारं माणूस असावं असं मला वाटतं. तुमचा राग दारूवर असेल तर तो मी समजू शकते. पोरांवर काढू नका.

पोरांनो, तुम्ही मात्र या आठवड्यात पैसे भरू नका. एक काळी पँट, घसरणार नाहीत असे बूट आणि बायोडेटाच्या दहा झेरॉक्स एवढा खर्च करा. दुपारी तीन ते पाच या वेळात जा, तेव्हा जेवण उरकलेलं असतं आणि मॅनेजरला बोलायला वेळ असतो. रात्री आठला गेलात तर कोणी उभंही करणार नाही. बारटेंडर व्हायचंय असं न म्हणता ‘बारबॅकचं काम आहे का’ विचारा. मला बारमागे यायला चौदा महिने लागले, आमच्या एका मुलाला पाच. सहा महिन्यांनी हे काम आवडतंय असं वाटलं तर मग चांगला कोर्स शोधा, तोवर कुठला क्लास नुसत्या बाटल्या उडवतो हे तुमचं तुम्हालाच ओळखू येईल. बाटली उडवायला मला आजही येते. इतक्या वर्षांत दोनदा उडवली, दोन्ही वेळा नववर्षाच्या रात्री, एकदा पडली.

पत्र लांबलं, हवं तिथे कापा. एक विनंती, पत्राखाली माझं नाव छापू नका. घरमालक काकूंना मी ‘हॉटेलात कामाला’ एवढंच सांगितलंय. रोज एवढी लिंबं कशाला लागतात, असं त्या विचारतात, मी सरबत विभाग म्हणते. आणि तुमचा पेपर त्यांच्याकडे रोज येतो.

आपली,
एक वाचक
पाथर्डी फाटा, नाशिक